ताजा कलमातला धंदा

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

वय ३२, राहणार नागपूर. मिहान या उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीत आठ वर्षं नोकरी. महिन्याला ४५,००० हातात येतात, त्यातले १६,००० घराच्या हप्त्यात जातात. वडील नाहीत, आई सोबत असते. पाच वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर कर्नाटकातल्या मुलकीला गेल्या, पहिल्यांदा सर्फबोर्डवर, म्हणजे लाटांवर स्वार व्हायच्या फळीवर, उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून वर्षातून दोनदा रजा जमवून मुलकी नाहीतर महाबलीपुरम गाठतात. घरी लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तक्त्यावर, लाटा कोरून त्यांचे ठसे छापतात. आता मार्चमध्ये नोकरी सोडून साडेपाच लाखांच्या बचतीतून लाटांची चित्रं छापलेले टी-शर्ट आणि चहा-कॉफीचे मग विकायचे, जमल्यास धरमपेठेत लहानसा सर्फ कॅफे काढायचा, नाहीतर सरळ मुलकीलाच बिऱ्हाड हलवायचं, असा विचार आहे. आई नागपुरातल्या फुटाळा तलावाचं नाव घेऊन म्हणते, "फुटाळ्याले लाटा येतेत काय वं?" त्या विचारतात: नोकरी सोडू का? समुद्राकाठी जाऊ का? आणि वर्षातून जेमतेम २० दिवस पाण्यात असणाऱ्या बाईने सर्फिंगच्या नावावर धंदा करावा का?

ता. क. : "मागच्या वेळी आईने दोन सोलापुरी टॉवेल जोडून डोक्यातून घालायचा एक झगा शिवून दिला होता, किनाऱ्यावर आत कपडे बदलायला. तिथल्या तीन मुलींनी कुठे मिळतो म्हणून विचारलं. एकीने तर तो मागूनच घेतला."

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. टी-शर्टवर दीड पान आहे. कॅफेवर पाऊण पान, त्यात भिंतीचा रंगसुद्धा ठरलेला आहे. आणि झग्यावर चार ओळी, त्याही सही झाल्यावर, कोपऱ्यात दाटीवाटीने. आमच्या लहानपणी पोस्टकार्डावर खरी बातमी अशीच कडेला उभी लिहिलेली असायची. 'बाकी सर्व ठीक' म्हणून झाल्यावर, 'गाय व्याली.' तुमच्याही पत्रातली बातमी तिथेच आहे. पण आधी टी-शर्टचं बघून घेऊ, कारण तुमचा जीव तिथे अडकलाय.

कोरा टी-शर्ट बहुधा तिरुप्पूरहून येणार. छपाई कोणीही करून देणार. आणि लाट तर जपानी चित्रकार होकुसाईने १८३१ च्या सुमारास कोरून ठेवलीच आहे, ती आता जगभर मगांवर, पिशव्यांवर, मोज्यांवरसुद्धा उसळत असते. तुमची लाट वेगळी आहे, हे मान्य. पत्रासोबत पाठवलेल्या ठशांपैकी दुसरा, ज्यात लाट फुटायच्या आधीची नुसती फुगलेली रेघ आहे, तो मला फार आवडला. पण त्याचा टी-शर्ट केला तर नागपुरातला माणूस म्हणेल 'छान आहे' आणि पुढे जाईल, आणि समुद्रावरचा म्हणेल 'अजून एक'. कॅफेबद्दल एवढंच लिहिते: भाडं, गॅस, अन्नपरवाना, न सांगता सुट्टी घेणारा पोऱ्या, आणि रात्री अकरा वाजता भांडी. यात सर्फिंग कुठे आहे? भिंतीवर.

आता जरा तुमच्या मूळ गृहीताकडे येऊ. आवड आहे म्हणून त्याचाच धंदा करावा, असं तुम्ही धरून चालला आहात. पण तुम्हाला नेमकं काय आवडतं, हे तुम्हीच फार नीट लिहिलंय: पहाटे बोर्डवर बसून लाटेची वाट बघायची, फोन लांब किनाऱ्यावर, आणि कोणी हाक मारत नाही. धंदा म्हणजे दिवसभर फोन आणि हाकाच की हो. तेव्हा धंदा वाढला तर पहिली गदा येईल ती याच तासावर. धंदा करू नका असं मी म्हणत नाही. पण जे विकणार ते त्या तासापासून थोडं बाजूला असलेलं बरं.

सर्फिंगच्या जगातले जे धंदे टिकले, त्यांची सुरुवात बघा. जॅक ओ'नीलने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुकान टाकलं तेव्हा त्याची अडचण साधी होती: तिथलं पाणी इतकं गार की माणूस फार वेळ आत राहूच शकत नाही. त्यातून रबरी पोशाख आले, आणि त्यावर धंदा उभा राहिला. ऑस्ट्रेलियातल्या टॉर्की नावाच्या एकाच गावात १९६९ मध्ये दोन कंपन्या निघाल्या. रिप कर्लने बोर्ड आणि पुढे गार पाण्यासाठीचे पोशाख केले, क्विकसिल्व्हरने पाण्यात टिकणाऱ्या चड्ड्या. चित्र, नाव, ऐट हे सगळं मागून आलं. पुढे क्विकसिल्व्हर इतकी फुगली की समुद्र न पाहिलेली पोरंही तिचं नाव छातीवर घालून फिरू लागली, आणि २०१५ मध्ये तिला अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याला कारणं बरीच असतील. पण तुमचा टी-शर्टचा बेत म्हणजे या गोष्टीच्या शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करणं आहे.

आपल्याकडे पाणी कोमट. रबरी पोशाखाची गरज नाही. आपल्या बायकांची अडचण पाण्याबाहेर आल्यावर सुरू होते. मी स्वतः बोर्डवर कधी उभी राहिलेली नाही, पण भाचीबरोबर एकदा महाबलीपुरमला गेले होते. ती पाण्यात, मी वाळूत तिची बॅग सांभाळत. ती बाहेर आली तेव्हा कपडे बदलायची खोली कुलूपबंद, चावीवाला जेवायला गेलेला. शेवटी एका होडीच्या आड मी ओढणीचं एक टोक दातात आणि दुसरं हातात धरून उभी राहिले, वाऱ्याने ती ओढणी फडफडतेय, आणि मागून भाची म्हणतेय, "मावशी, डावीकडून दिसतंय." तुमच्या आईने शिवलेला झगा त्या दिवशी कोणी दोन हजाराला दिला असता तरी मी घेतला असता.

याला आपल्या भाषेत शब्द आहे, आडोसा. रामटेकला अंबाळा तलावाच्या घाटावर आपल्या आज्या ओलं लुगडं सोडून कोरडं नेसायच्या, शंभर माणसांत, आणि कोणाला नख दिसायचं नाही. ती कला आपल्याला आली नाही. तुमच्या आईला मात्र अडचण बरोबर कळली. सर्फिंगला हसणाऱ्या बाईने सर्फिंगमधली एकमेव उपयोगी वस्तू करून दिली, हे तुमच्या लक्षात आलंय का?

तेव्हा माझं मत असं: तुमचा धंदा झग्याचा आहे. आणि त्यासाठी नागपूर सोडायची गरज नाही. टॉवेलचं कापड सोलापूरचं, त्याला २००५ पासून भौगोलिक मानांकनही आहे. ते मुलकीला जितक्या सहज पोचतं त्याहून नागपूरला सहज पोचतं. शिवणाऱ्या बाया तुमच्या महाल वस्तीत आहेत, पाचपावलीत आहेत. आणि महाबलीपुरमसाठी चेन्नईला जायला ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस तुमच्या स्टेशनावरून जाते, एका रात्रीचा प्रवास. समुद्राकाठी बिऱ्हाड केलंत तर भाडं वाढेल, आई एकटी पडेल, आणि शिलाईसाठी माणूस शोधत फिराल. ज्यांनी किनाऱ्यावर जाऊन काही उभं केलं त्यांचं काम वेगळं होतं. इशिता मालवीय मूळची मुंबईची, शिकायला मणिपालला गेली आणि २००७ मध्ये जोडीदाराबरोबर कर्नाटकच्या किनाऱ्यावर कोडी बेंगरेला शाका सर्फ क्लब काढला. तिला लोकांना पाण्यात उतरवायचं होतं, त्याला पाणी लागतंच. तुम्हाला त्यांना पाण्याबाहेर काढून झाकायचं आहे.

एकाच बाबतीत नागपूर तुम्हाला फसवेल. कापड वाळतं किती वेळात, हे आपल्या गच्चीवर तपासू नका. मे महिन्यात आपल्याकडे सतरंजीसुद्धा तासाभरात पापडासारखी होते. मुलकीला सकाळचा ओला टॉवेल संध्याकाळी ओलाच असतो, वर त्याला वास येतो. म्हणून कसोटी किनाऱ्यावरच घ्यायची.

आता झगाच उलगडून बघू. ७५ बाय १५० सेंटिमीटरचे दोन टॉवेल, चौरस मीटरला ४०० ग्रॅमचे, म्हणजे मिळून ९०० ग्रॅम. हे ओझं कोणी पाठीवरच्या बॅगेत नेणार नाही, आणि कुरिअरवालाही एका किलोचे पैसे लावेल. चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचं, पंचासारखं पातळ विणीचं सुती कापड घेतलंत तर झगा अर्ध्या किलोच्या आत येतो आणि वाळतोही लवकर. पंचाला आपण उगाच म्हाताऱ्यांचा समजतो. लांबी १०५ सेंटिमीटर पुरते, उरलेल्या ४५ मधून टोपी निघते. बाह्या नकोत, बाजूला नुसत्या फटी ठेवा, कारण आत हात ओढून घेता आले नाहीत तर झग्याचा उपयोगच संपला. कापड आधी धुवा, मग कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून गुडघ्यावर येईल. टॉवेलचं कापड वापरलंत तर कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक करून घ्या, फंदे सुटायला लागले की थांबत नाहीत, आणि मशीनला १६ नंबरची सुई लावा. धातूची चेन लावू नका, खाऱ्या हवेत ती लवकर अडकते. नाडी किंवा मोठं लाकडी बटण बरं. आणि तुमचा ठसा? टॉवेलच्या लवीवर तो उमटणारच नाही, सगळा शाईचा डाग होईल. खिसा सपाट मांजरपाटाचा करा आणि ती फुगलेली रेघ त्यावर छापा. तेवढीच, एका जागी, पण हाताने.

पहिले दहाच नग करा. जाहिरात नको, सोशल मीडियावर पान नको, नाव ठरवण्यात तीन रविवार घालवू नका. पुढच्या सहलीला ते सोबत न्या, सर्फिंगच्या दोन वेगवेगळ्या शाळांत पाच-पाच ठेवा आणि शिकायला येणाऱ्या मुलींना फुकट वापरू द्या. परत येताना बघा: किती वापरले गेले, कुठे उसवले, कितींना वास आला, आणि जाताना किती जणींनी किंमत विचारली. 'किती गोड!' हा शब्द मोजायचा नाही. 'केवढ्याला?' हा मोजायचा.

पैशाचं बोलताना मला माझी फजिती सांगावी लागेल. पंधराएक वर्षांपूर्वी मी ठशांच्या छपाईचे उशांचे अभ्रे करायचे. दिवाळीच्या प्रदर्शनात सगळे खपले, मी पेढे वाटले. जानेवारीत वही काढली तर कापड, रंग, टेबलाचं भाडं वजा जाता जे उरलं त्याला माझ्या तासांनी भागल्यावर तासाला चौदा रुपये पडले. स्वतःच्या हाताची किंमत मी शून्य धरली होती. बायका हे फार करतात, आणि वर त्याला हौस म्हणतात.

तुमच्यासाठी एक अंदाजी हिशोब मांडते, आकडे तुम्ही चौकशी करून बदला. कापड ४००, शिलाई १५०, नाडी-बटण-लेबल ४०, बांधणी ३०, पाठवणी १००, बिघडलेल्या आणि परत आलेल्या नगांसाठी ५०. झाले ७७०. तुमचा स्वतःचा एक तास, खिशाची छपाई, तपासणी, हिशोब, याचे १५० धरा. ९२०. किंमत १४०० ठेवलीत आणि विकून देण्याचे शाळेने ३० टक्के घेतले तर हातात ९८०. साठ रुपये सुटले, त्यातून कर जायचाय. म्हणजे १४०० ला हा धंदा नाही, समाजकार्य आहे. १८०० ठेवलीत तर हातात १२६०, नगामागे ३४०, शिवाय तुमच्या तासाचे १५०. मिळून ४९०. आत्ताचा पगार यातून काढायचा तर महिन्याला ९२ झगे विकावे लागतील, दर महिन्याला, आणि तेही करापूर्वी.

मार्चमध्ये नोकरी सोडायची का, याचं उत्तर या आकड्यात आहे. नको. निदान दोन मोसम तरी नको. साडेपाच लाखांतले पन्नास हजार यासाठी वेगळे काढा आणि बाकीचे विसरा. ते पन्नास संपले आणि धंदा उभा राहिला नाही, तर एक चांगला झगा आणि एक अनुभव उरेल, हप्ता थकणार नाही. सलग सहा महिने, पावसाळ्याचे धरून, निम्म्या पगाराइतकी मिळकत झाली तर मला पुन्हा लिहा, तेव्हा वेगळं बोलू.

पावसाळ्याचं मुद्दाम म्हटलं. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्यांचे वर्ग त्या काळात बहुतेक बंद. मागणी ऑक्टोबरपासून. पण तुमच्याच गावात एप्रिल ते जून पोहण्याचे उन्हाळी वर्ग तुडुंब असतात. पूलवरून सुटलेली पोरं ओल्या अंगाने, टॉवेल गुंडाळून आईच्या स्कूटीवर मागे बसतात आणि तो टॉवेल पहिल्या सिग्नलला सुटतो, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. लहान मापाचा, टोपीवाला, जाड टॉवेलचा झगा तिथे चालेल असं मला वाटतं. नागपुरात समुद्र नसला तरी ओली माणसं आहेत. (कोणी तुम्हाला २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थाचंही सुचवेल. घाटावर आडोशाची गरज तिथे लाखोंना आहे, खरं. पण ते घाऊक मालाचं काम आहे, त्यात पडलात तर तुमचा ठसा पहिल्याच दिवशी निघून जाईल.)

कागदपत्रांचं पटकन. आधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेर दुसरं उत्पन्न करायला बंदी किंवा लेखी परवानगीची अट बऱ्याचदा असते, आणि हे बहुतेक जण नोटीस आल्यावर वाचतात. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंद, ऑनलाइन आणि फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. जीएसटीत मात्र फसायला होतं: माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी नको, हे सगळ्यांना पाठ असतं, पण ती सूट राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना आहे. तुमची गिऱ्हाइकं कर्नाटकात आणि तमिळनाडूत. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. काही हस्तकला-वस्तूंना त्यातून सवलत आहे, तुमचा झगा त्यात बसतो का हे एखाद्या सीएला तासभर बसून विचारा. कपड्यांवर सध्या नगाला २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के दर आहे, म्हणून किंमत त्याच्या आतच ठेवा.

शाळांशी व्यवहार करताना 'विकलं गेलं की पैसे' या बोलीवर सुरुवातीला माल ठेवायला हरकत नाही, पण किती नग ठेवले आणि कधी मोजायचे हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या. ओळखीची, गोड बोलणारी माणसं असली तर नक्कीच लिहून घ्या.

तुमचा तिसरा प्रश्न, २० दिवसांची सर्फर धंदा करू शकते का. करू शकते. किनाऱ्यावर रोज राहणाऱ्याचं घर दोन पावलांवर असतं, त्याला झग्याची गरजच पडत नाही. रजा टाकून, रेल्वेने, एका बॅगेत सगळं कोंबून येणाऱ्या बाईलाच ती पडते, आणि ती बाई तुम्ही आहात. फक्त स्वतःविषयी वाढवून सांगू नका. 'लाटांची राणी' वगैरे नको. 'नागपूरहून येते, वर्षातून दोनदा' हेच सांगा, लोक लक्षात ठेवतील. खेळ आपल्याकडे वाढतोय, २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत भारताच्या रमेश बुदिहालने कांस्यपदक मिळवलं, तरी शिकायला येणाऱ्यांची गर्दी अजून क्रिकेटची नाही. लहान धंद्याला ती पुरते. मोठ्याला पुरेल असं आज तरी दिसत नाही.

सायकलवेडे, डोंगरवेडे, पक्षी बघत फिरणारे असे बरेच जण मला याच चालीवर लिहितात, आणि त्यांच्याही बेतात पहिला टी-शर्टच असतो. त्यांनी एक करून बघावं. आपल्या छंदात आपण स्वतः कशाला वैतागतो आणि त्यावर घरगुती जुगाड काय केलाय, त्याची यादी करावी. त्या जुगाडांपैकी एखादा कोणी मागून नेला असेल तर तिथे थांबून बघावं.

आणि दोनपैकी एक सहल राखून ठेवा. त्या वेळी बॅगेत एकच झगा, तुमचा. कोणी किंमत विचारली तर सांगा, "पुढच्या खेपेला."

आता या रविवारी आईसमोर बसा आणि तो गळा तिने कसा कापला ते विचारा, कारण दोन टॉवेल जोडून तो न ओढता डोक्यातून जातो, हे सोपं काम नाही. दहापैकी पहिला तिलाच शिवू द्या आणि शिलाईचे दीडशे रोख तिच्या हातावर ठेवा. ती घेणार नाही. तरी वहीत लिहा.